वाचकांचे प्रश्न : वेळ नेमकी हवी की फ्रिक्वेन्सी?

फिल्टर बँक म्हणजे एकच सिग्नल फ्रिक्वेन्सीच्या अनेक पट्ट्यांत वाटून देणारा फिल्टरांचा संच. पट्टी जितकी अरुंद, तितका तिचा फिल्टर उशिरा जागा होतो आणि सिग्नल थांबल्यावरही तितकाच जास्त वेळ घुमत राहतो. भौतिकशास्त्रज्ञ डेनिस गॅबर यांनी १९४६ साली ही मर्यादा आकड्यात मांडली. सिग्नलचा वेळेतला पसारा आणि फ्रिक्वेन्सीतला पसारा, दोन्ही प्रमाण विचलनाने मोजले, तर त्यांचा गुणाकार १ ÷ ४π म्हणजे सुमारे ०.०८ च्या खाली जात नाही. नेमका तेवढा तो फक्त गाऊसच्या घंटाकृती वक्राचा भरतो. या अंकातले प्रश्न वेगवेगळ्या क्षेत्रांतून आले असले तरी बहुतेकांच्या मुळाशी हीच मर्यादा आहे.

प्रश्न : ४८ किलोहर्ट्झच्या सॅम्पलिंग रेटने (सेकंदाला ४८,००० मोजण्या, म्हणजे सॅम्पल) ध्वनिमुद्रण करून मी १०२४ सॅम्पलवर हान विंडो (तुकड्याची टोकं हळूहळू शून्यावर आणणारा वक्र) लावतो आणि एफएफटी (तुकड्यात कोणती फ्रिक्वेन्सी किती आहे ते काढणारं गणित) काढतो. ११० आणि ११६.५४ हर्ट्झचे दोन स्वर एकत्र वाजले की एकच रुंद डोंगर दिसतो. पुढे शून्यं जोडून एफएफटी ८१९२ ची केली. आता दोन बिनमध्ये (एफएफटीच्या फ्रिक्वेन्सीच्या खणांमध्ये) ६ हर्ट्झहून कमी अंतर आहे, तरी शिखरं दोन होत नाहीत. कुठे चुकतंय?

उत्तर : तुमच्या कोडमध्ये चूक नाही. कमी पडतोय तो वेळ. १०२४ सॅम्पल म्हणजे २१.३ मिलिसेकंद. तेवढ्यात ११० हर्ट्झच्या स्वराची २.३५ आवर्तनं होतात आणि ११६.५४ हर्ट्झच्या स्वराची २.४९. दोघांत पडलेला फरक जेमतेम ०.१४ आवर्तनाचा. इतक्या फरकावरून दोन स्वर वेगळे काढायला लागणारी माहिती त्या तुकड्यात नाहीच, आणि शून्यं जोडून ती येणार नाही. शून्यं जोडल्याने होतं एवढंच, की त्याच रुंद डोंगरावर मोजणीचे बिंदू दाटीवाटीने बसतात. डोंगराची रुंदी विंडोच्या लांबीवर ठरते. हान विंडोचा मुख्य लोब, म्हणजे हा मधला डोंगर, आलेखावरच्या एका शून्यापासून दुसऱ्या शून्यापर्यंत ४ बिन रुंद असतो. इथे बिन धरायचं ते मूळ १०२४ चं, ४६.९ हर्ट्झचं. म्हणजे तुमचा एकेक स्वर १८७.५ हर्ट्झ रुंद पसरलाय आणि तुम्ही त्यात ६.५४ हर्ट्झची फट शोधताय.

हिशेब उलट्या बाजूने करा. हान विंडोत सारख्या ताकदीचे दोन स्वर २ बिन अंतरावर असले, की तुम्ही काठावर असता. दोघांच्या फेज (आवर्तनातल्या जागा) जुळल्या तर मधली दरी पूर्ण भरून जाते आणि सपाट पठार दिसतं. ३ बिन अंतर मिळालं तर सर्वांत वाईट फेजलाही मध्ये सुमारे ९ डेसिबलची दरी राहते. ३ ÷ ६.५४ म्हणजे ०.४५९ सेकंद, ४८ किलोहर्ट्झला सुमारे २२,०२० सॅम्पल. एवढा खराखुरा सिग्नल घ्या आणि मग हवं तर शून्यं जोडून ३२,७६८ ची एफएफटी काढा. शून्यांचा उपयोग इथे आहे: आलेख गुळगुळीत दिसतो आणि शिखर वाचायला सोपं जातं.

सॅम्पलिंग रेट ९६ किलोहर्ट्झ केला तर रिझोल्यूशन वाढेल, असा समज फार पसरलेला आहे. तसं होत नाही. फ्रिक्वेन्सीचं रिझोल्यूशन सेकंदांवर ठरतं, सॅम्पलच्या संख्येवर नाही. तुम्हाला फक्त खालचे स्वर पाहायचे असतील तर लो-पास (फक्त खालच्या फ्रिक्वेन्सी जाऊ देणारा) फिल्टर लावून सिग्नल २ किलोहर्ट्झवर आणा. त्याच ०.४५९ सेकंदांना ९१८ सॅम्पल पुरतात आणि स्वर तितकेच वेगळे दिसतात. मात्र जवळजवळ अर्ध्या सेकंदाच्या विंडोत स्वर नेमका केव्हा सुरू झाला, हे आता कळणार नाही. ते हवं असेल तर दुसरी, छोटी विंडो समांतर चालवा आणि दोन प्रश्नांची उत्तरं दोन विंडोंकडून घ्या.

प्रश्न : मग वाद्य लावायचं ट्यूनर अ‍ॅप १०० मिलिसेकंदांच्या आत हर्ट्झच्या अंशापर्यंत आकडा कसा दाखवतं? ते गॅबरचा नियम मोडतं का?

उत्तर : नियम मोडत नाही, कारण ट्यूनरला विचारलेला प्रश्न सोपा आहे. दोन अनोळखी स्वर वेगळे काढणं हे एक काम. स्वर एकच आहे हे गृहीत धरून तो कुठे आहे ते सांगणं हे दुसरं, पुष्कळ सोपं काम. पहिल्याला विंडोच्या लांबीची भिंत आहे. दुसऱ्याला आडवा येतो तो मुख्यतः नॉइज. एकाच स्वराच्या बाबतीत फ्रिक्वेन्सीच्या अंदाजातली किमान चूक वेळेच्या दीड घाताने कमी होते, म्हणजे मोजणीचा वेळ दुप्पट केला की चूक २.८ पटीने घटते.

एक उदाहरण पूर्ण सोडवू. सॅम्पलिंग ४८ किलोहर्ट्झ, विंडो ४०९६ सॅम्पलची हान (८५ मिलिसेकंद), बिन ११.७२ हर्ट्झचं. ४३६.५२ हर्ट्झचा शुद्ध स्वर दिला तर ३६, ३७ आणि ३८ क्रमांकाच्या बिनमध्ये अनुक्रमे −९.८९, −०.३५ आणि −३.२७ डेसिबल मिळतात. या तीन बिंदूंतून पॅराबोला काढायचा. मधल्या बिनपासून शिखर किती सरकलंय त्याचं सूत्र असं: वर (डावा − उजवा), खाली २ × (डावा − २ × मधला + उजवा). वर येतात −६.६२, खाली −२४.९२. भागाकार ०.२६६ बिन. ३७ व्या बिनची फ्रिक्वेन्सी ४३३.५९, तिच्यात ३.११ मिळवले की ४३६.७०. खऱ्या आकड्यापेक्षा ०.१८ हर्ट्झ जास्त, आणि बिन तर पावणेबारा हर्ट्झचं!

आकडे डेसिबलमध्येच घ्या. सरळ अ‍ॅम्प्लिट्यूडवर पॅराबोला टाकला तर चूक वाढते. उरलेली ०.१८ हर्ट्झची चूक हान विंडोच्या लोबचा आकार पॅराबोलाशी तंतोतंत जुळत नसल्याने येते. गाऊसियन विंडो घेतली तर तिचा लॉगॅरिथम पॅराबोलाच असल्यामुळे ही चूक जवळपास नाहीशी होते, फक्त मुख्य लोब थोडा रुंदावतो.

ही युक्ती फसते ती गृहीतक मोडल्यावर. शिखराच्या दोन-तीन बिनमध्ये दुसरा स्वर आला, की ट्यूनर दोघांच्या मधला एखादा आकडा पूर्ण आत्मविश्वासाने दाखवतो, आणि तो आकडा कुठल्याच स्वराचा नसतो. स्वर पहिल्या तीन-चार बिनमध्ये असेल तर त्याच्याच ऋण फ्रिक्वेन्सीची, म्हणजे शून्याच्या पलीकडची आरशातली, प्रतिमा येऊन मिसळते. म्हणून खर्जातल्या तारा लावताना विंडो लांब ठेवावीच लागते.

प्रश्न : नॉइज कमी करण्यासाठी मी एफएफटीआधी हान विंडो लावतो, उलट एफएफटीनंतर पुन्हा हान लावतो आणि ५० टक्के ओव्हरलॅपने (प्रत्येक तुकडा आधीच्यावर निम्मा चढवून) तुकडे जोडतो. आवाजात बारीक गुरगुर येते. प्रोसेसिंग पूर्ण बंद केलं तरी ती जात नाही.

उत्तर : दोनदा लावल्याने विंडोचा वर्ग झाला. एकट्या हानचे तुकडे ५० टक्के ओव्हरलॅपने मिळवले तर बेरीज सर्वत्र १ भरते. हानच्या वर्गाची बेरीज मात्र ०.५ ते १ मध्ये हेलकावे खाते, म्हणजे ६ डेसिबलचा चढउतार. १०२४ ची विंडो आणि ४८ किलोहर्ट्झ असेल तर हा हेलकावा सेकंदाला ९३.७५ वेळा होतो. तीच तुमची गुरगुर. दोन उपाय आहेत. दोन्ही बाजूंना हानचं वर्गमूळ लावा आणि ५० टक्के ओव्हरलॅप तसाच ठेवा. नाहीतर हानच राहू द्या आणि ओव्हरलॅप ७५ टक्के करा. तेव्हा बेरीज सर्वत्र १.५ येते, तिने भागा. ‘पिरिऑडिक’ हान घ्या. ‘सिमेट्रिक’ प्रकारात विंडोच्या सूत्राच्या छेदात लांबीपेक्षा एक कमी असतो आणि बारीकसा हेलकावा शिल्लक राहतो.

प्रश्न : इंडक्शन मोटरच्या करंटवरून रोटरचा बार तुटलाय का ते पाहायचंय. पुरवठा ५० हर्ट्झचा, स्लिप (रोटर, म्हणजे फिरणारा भाग, फिरत्या चुंबकीय क्षेत्राच्या किती मागे पडतो ते) १ टक्का. सिम्युलेशनमध्ये ४९ आणि ५१ हर्ट्झच्या रेषा सुरेख दिसतात, प्रत्यक्ष मोटरवर काहीच दिसत नाही. विंडो वेगळी लावलेली नाही, रेकॉर्डिंग १० सेकंदांचं.

उत्तर : तुटलेल्या बारच्या रेषा मुख्य फ्रिक्वेन्सीपासून दुप्पट स्लिपच्या अंतरावर येतात. १ टक्का स्लिपला ते अंतर १ हर्ट्झ, म्हणून ४९ आणि ५१. तुमच्या १० सेकंदांच्या रेकॉर्डिंगमध्ये बिन ०.१ हर्ट्झचं आहे, म्हणजे रेषा मुख्य शिखरापासून १० बिन दूर आहेत. रिझोल्यूशन भरपूर आहे. अडतंय ते गळतीमुळे, म्हणजे एका स्वराची ऊर्जा दूरच्या बिनमध्येही सांडल्यामुळे.

सिम्युलेशनमध्ये पुरवठा बरोबर ५०.०० हर्ट्झ असतो. १० सेकंदांत बरोबर ५०० आवर्तनं बसतात आणि आयताकृती विंडोची (वेगळी विंडो न लावणं म्हणजे हीच लावणं) सगळी शून्यं नेमकी बाकीच्या बिनवर पडतात. गळती दिसतच नाही. खरा पुरवठा ४९.९७ असला तर ४९९.७ आवर्तनं होतात आणि मुख्य करंट सगळीकडे सांडतो. आयताकृती विंडोत १० बिन अंतरावर ही गळती मुख्य शिखराच्या साधारण ३० डेसिबलच खाली असते. शोधायची रेषा ५० डेसिबल खाली असेल तर ती पूर्ण बुडते.

हान लावा. तिचा पहिला साइडलोब (मुख्य डोंगराशेजारची टेकडी) ३१.५ डेसिबल खाली असतो, पण पुढचे लोब झपाट्याने उतरतात आणि १० बिनवर गळती सुमारे ७० डेसिबल खाली जाते. तुमची रेषा तिच्यावर २० डेसिबलने उठून दिसेल. याहून फिकट रेषा हवी असेल तर चार पदांची ब्लॅकमन-हॅरिस घ्या. तिचे साइडलोब ९२ डेसिबल खाली आहेत. तिचा मुख्य लोब दोन्ही बाजूंना ४ बिन, म्हणजे इथे ०.४ हर्ट्झ व्यापतो. १ हर्ट्झच्या अंतरात तो सहज मावतो.

मग रेकॉर्डिंग ६० सेकंदांचं का करू नये? कारण तेवढा वेळ मोटर एकसारखी चालत नाही. लोड बदलून स्लिप १ टक्क्यावरून १.२ टक्क्यांवर गेली तर रेषा ०.२ हर्ट्झ सरकते. १० सेकंदांच्या मोजणीत हे २ बिन होतात, ६० सेकंदांत १२. रेषा त्या १२ बिनमध्ये फासली जाते आणि तिची उंची खचते. रेकॉर्डिंग करताना लोड स्थिर ठेवा आणि शक्यतो पूर्ण लोडच्या जवळ ठेवा. रिकामी मोटर तपासू नका. स्लिप शून्याजवळ गेली की दोन्ही रेषा मुख्य शिखराच्या पोटात शिरतात, मग कोणतीही विंडो त्यांना बाहेर काढू शकत नाही. सॅम्पलिंग रेट या कामाला १ किलोहर्ट्झ पुष्कळ झाला, फक्त त्याआधी अँटी-एलियासिंग फिल्टर (वरच्या फ्रिक्वेन्सी खाली दुमडून येऊ नयेत म्हणून) हवा.

प्रश्न : एमडीसीटीवर (एकमेकांवर चढलेल्या तुकड्यांचं फ्रिक्वेन्सीत रूपांतर करणाऱ्या पद्धतीवर) आधारलेला ऑडिओ कोडर (आवाज थोड्या बिटमध्ये साठवणारा प्रोग्रॅम) लिहितोय, २०४८ ची विंडो, ४८ किलोहर्ट्झ. चिपळीसारख्या कडक आवाजाच्या आधी ‘फस्स’ असा आवाज ऐकू येतो. विंडो २५६ ची केली तर तो जातो, पण लांब स्वर खरखरतात. दोन्हींमध्ये अदलाबदल करून पाहिली तर बदलताना टिकटिक होते.

उत्तर : तुम्ही ज्या तीन गोष्टी ऐकताय त्या प्री-एको (आवाजाच्या आधीच ऐकू येणारी त्याची चूक), अपुरं फ्रिक्वेन्सी रिझोल्यूशन आणि न कटलेलं एलियासिंग (दुमडून आलेली सिग्नलची प्रतिमा). एकेक घेऊ.

२०४८ सॅम्पल म्हणजे ४२.७ मिलिसेकंद. तुम्ही गुणांकांचं क्वांटायझेशन करता (त्यांना जवळच्या ठरावीक पायरीवर आणता) तेव्हा आलेली चूक उलट रूपांतरानंतर संपूर्ण विंडोभर पसरते. चिपळी विंडोच्या ३० व्या मिलिसेकंदाला वाजली तर तिच्या आधीच्या ३० मिलिसेकंदांच्या शांततेतही ती चूक वाजते. मोठ्या आवाजानंतरचा बारीक आवाज कान शंभरेक मिलिसेकंदांपर्यंत झाकून घेतो. आवाजाच्या आधी मात्र हे झाकणं मोजक्या मिलिसेकंदांपुरतंच चालतं. म्हणून आवाजानंतर सांडलेला नॉइज खपतो आणि आवाजाआधी सांडलेला कानाला टोचतो. २५६ ची विंडो ५.३ मिलिसेकंदांची, ती या मर्यादेत जवळपास बसते.

पण २५६ च्या विंडोत फक्त १२८ रेषा मिळतात, प्रत्येकी १८७.५ हर्ट्झ अंतरावर. लांब विंडोत १०२४ रेषा असतात, २३.४ हर्ट्झवर. स्थिर स्वराची ऊर्जा लांब विंडोत दोन-तीन रेषांत गोळा होते आणि थोड्या बिटमध्ये लिहिता येते. छोट्या विंडोत शेजारचे हार्मोनिक एकाच रेषेत कोंबले जातात, बिट पुरत नाहीत आणि खरखर येते. म्हणूनच एएसी या ऑडिओ फॉरमॅटमध्ये हेच दोन आकार ठेवले आणि अदलाबदलीची सोय केली. एमपी३ मध्येही तोच विचार आहे: आधी ३२ पट्ट्यांची पॉलिफेज बँक, तिच्या प्रत्येक पट्टीवर १८ किंवा ६ रेषांची एमडीसीटी, एकूण ५७६ किंवा १९२ रेषा.

आता टिकटिक. एमडीसीटीत प्रत्येक ब्लॉकमध्ये वेळेचं एलियासिंग असतं आणि ते शेजारच्या ब्लॉकशी ओव्हरलॅप झाल्यावरच कटतं. जॉन प्रिन्सेन आणि अ‍ॅलन ब्रॅडली यांनी १९८६ साली मांडलेली अट अशी, की ओव्हरलॅपच्या भागात दोन्ही विंडोंच्या वर्गांची बेरीज प्रत्येक सॅम्पलवर १ हवी आणि दोन्ही उतार एकमेकांचे आरशातले हवेत. लांब विंडोचा १०२४ सॅम्पलचा उतार छोट्या विंडोच्या १२८ च्या चढाला थेट जोडला की ही अट मोडते. मध्ये ‘स्टार्ट’ विंडो घालावी लागते: पहिल्या १०२४ सॅम्पलवर नेहमीचा लांब चढ, मग ४४८ सॅम्पल सपाट १, मग १२८ सॅम्पलचा छोटा उतार, मग ४४८ शून्यं. बेरीज २०४८. त्यानंतर आठ छोट्या विंडो आणि शेवटी तीच स्टार्ट विंडो उलटी करून ‘स्टॉप’ म्हणून.

याचा परिणाम असा, की चिपळीची चाहूल तुम्हाला एक फ्रेम आधी लागायला हवी, कारण ती येण्याआधीची फ्रेम स्टार्ट विंडोची असते. म्हणजे एन्कोडरमध्ये पुढची फ्रेम आधी वाचून ठेवणं आलं आणि तेवढा विलंबही आला. चाहूल ओळखण्यासाठी सिग्नल हाय-पास करा, १२८ सॅम्पलचे तुकडे पाडा आणि प्रत्येक तुकड्याची ऊर्जा आधीच्या काही तुकड्यांच्या सरासरीशी ताडून पाहा. १० पट हा उंबरठा सुरुवातीला ठेवा आणि ऐकून हलवा. हाय-पास वगळू नका. त्याच्याशिवाय बासचा भरघोस आवाज चिपळीची ऊर्जा झाकून टाकतो आणि डिटेक्टर गप्प बसतो. उंबरठा फार खाली आणला तर बोलण्यातल्या प्रत्येक व्यंजनाला छोट्या विंडो लागतात आणि बिट संपतात.

प्रश्न : सॉफ्टवेअर रेडिओवर १०२४ चॅनेलची पॉलिफेज फिल्टर बँक बसवली, दर चॅनेलला ८ टॅप (फिल्टरचे गुणांक). साध्या १०२४ च्या एफएफटीत ठिणगीचा आवाज एकाच फ्रेममध्ये दिसायचा. आता आठ फ्रेममध्ये डाग पडतो. चॅनेलची रुंदी तर तेवढीच आहे.

उत्तर : दोन चॅनेलमधलं अंतर तेवढंच आहे, चॅनेलचा आकार बदललाय. समजा दर सेकंदाला २ कोटी ४ लाख ८० हजार कॉम्प्लेक्स सॅम्पल येतात. मग चॅनेल २० किलोहर्ट्झचं आणि एफएफटीचा ब्लॉक ५० मायक्रोसेकंदांचा. ८ टॅपमुळे मूळ फिल्टर ८१९२ सॅम्पलचा, म्हणजे ४०० मायक्रोसेकंदांचा झाला. ठिणगी तेवढा वेळ त्याच्या आत राहते, म्हणून आठ फ्रेम. त्यातली ९० टक्क्यांहून जास्त ऊर्जा मधल्या दोन फ्रेममध्ये असते, बाकीच्या फ्रेममध्ये फक्त शेपट्या.

या किमतीत काय मिळालं तेही पाहा. साध्या एफएफटीचा पहिला साइडलोब फक्त १३ डेसिबल खाली असतो, त्यामुळे एखादं जोरदार स्टेशन दूरच्या चॅनेलमध्येही डोकावतं. हॅमिंग विंडो लावलेल्या सिंक फिल्टरचा (सिंक म्हणजे मधल्या शिखराच्या दोन्ही बाजूंना हेलकावे खात विरत जाणारा वक्र) उताराचा पट्टा ८ टॅपला ८ किलोहर्ट्झच्या आसपास राहतो, ४ टॅपला त्याच्या दुप्पट. ४ टॅपमध्ये डाग निम्मा होतो, पण २० किलोहर्ट्झच्या चॅनेलमध्ये सपाट असा भाग मधोमध जेमतेम ३-४ किलोहर्ट्झ उरतो. मी टॅप कमी करणार नाही. ठिणगी फिल्टर बँकेच्या आधी, कच्च्या सॅम्पलमध्येच ओळखून तिथे शून्य घाला. तिथे ती मोजक्या सॅम्पलची असते, एकदा बँकेत शिरली की ८१९२ सॅम्पलची होते.

एक गोष्ट तपासून घ्या. सिंकचा कटऑफ चॅनेलच्या बरोबर कडेवर ठेवला असेल तर तिथे फिल्टर ६ डेसिबल खाली असतो. दोन चॅनेलच्या सीमेवरचा स्वर दोन्हीकडे ६ डेसिबल कमी दिसतो आणि दोघांची पॉवर मिळवली तरी ३ डेसिबल कमीच. शिवाय चॅनेल किमान सॅम्पलिंगवर असेल तर कडेचा भाग दुमडून आत येतो. सीमेवरचे सिग्नल महत्त्वाचे असतील तर कटऑफ थोडा बाहेर सरकवा आणि आउटपुट ४/३ पट ओव्हरसॅम्पल करा.

प्रश्न : वेव्हलेट किंवा कॉन्स्टंट-क्यू (खालच्या फ्रिक्वेन्सींना लांब आणि वरच्यांना छोटी विंडो देणाऱ्या पद्धती) घेतलं की हा सगळा त्रास संपतो, हे खरं का?

उत्तर : नाही. त्रास फक्त वेगळ्या ठिकाणी वाटला जातो. ज्युडिथ ब्राउन यांनी १९९१ साली मांडलेल्या कॉन्स्टंट-क्यू पद्धतीत अष्टकाला १२ भाग धरले तर क्यू (फ्रिक्वेन्सी भागिले पट्टीची रुंदी) १६.८ येतो, म्हणजे प्रत्येक फ्रिक्वेन्सीची तितकी आवर्तनं विंडोत घ्यायची. ५५ हर्ट्झला ३०६ मिलिसेकंद, ४४० ला ३८, ३५२० ला ४.८. प्रत्येक पट्टीत वेळ आणि पट्टीची रुंदी यांचा गुणाकार तेवढाच. संगीताला ही वाटणी छान मानवते, कारण स्वरांमधलं अंतर गुणोत्तराने वाढतं. वरच्या मोटरच्या कामात ती निरुपयोगी आहे, तिथे रेषा सारख्या अंतरावर येतात.

प्रश्न : छोट्या रेकॉर्डिंग खोलीत १०० हर्ट्झच्या एक-तृतीयांश ऑक्टेव्ह (अष्टक) पट्टीतला रिव्हर्बरेशन टाइम (आवाज ६० डेसिबल उतरायला लागणारा वेळ) ०.२५ सेकंदाच्या आसपास अडकलाय. ध्वनिशोषक वाढवले तरी आकडा फारसा हलत नाही.

उत्तर : आधी फिल्टरवर संशय घ्या, खोलीवर नंतर. या पट्टीची रुंदी सुमारे २३ हर्ट्झ. नेहमीच्या सहाव्या ऑर्डरच्या बटरवर्थ फिल्टरचं स्वतःचं घुमणंच इथे ६० डेसिबल उतरायला साधारण ०.१९ सेकंद घेतं. मोजमापाचा मान्य निकष असा, की पट्टीची रुंदी गुणिले रिव्हर्बरेशन टाइम १६ च्या वर हवा. इथे २३ × ०.२५ म्हणजे ५.८. या पट्टीत ०.७ सेकंदाखालचा आकडा खोलीचा म्हणून धरता येत नाही.

उपाय फुकटचा आहे. खोलीचा इम्पल्स रिस्पॉन्स (एका क्षणिक ठोक्याला खोलीने दिलेला प्रतिसाद) वेळेत उलटा करा, त्याच फिल्टरमधून काढा, पुन्हा सुलटा करा आणि मग श्रोडरच्या पद्धतीने मागून इंटिग्रेशन (शेवटाकडून ऊर्जेची बेरीज) करून उतार काढा. फिल्टरचा चढ झटपट असतो आणि शेपूट लांब. उलट करून गाळल्यावर ती शेपूट उताराच्या बाजूला न पडता सुरुवातीच्या चढाच्या बाजूला पडते. त्यामुळे निकष १६ वरून ४ वर येतो आणि १०० हर्ट्झला ०.१७ सेकंदापर्यंत मोजता येतं. सुरुवातीचा भाग मात्र बिघडतो, म्हणून उतार −५ डेसिबलच्या खालीच मोजा आणि अर्ली डिके टाइम (सुरुवातीच्या उतारावरून काढायचा वेळ) या पद्धतीने काढू नका. दोन्ही बाजूंनी गाळणारा झीरो-फेज फिल्टरही इथे नको, त्याची शेपूट दोन्हीकडे पसरते.

तुमची मोजणीची साखळी तपासायची असेल तर खोलीच्या रिस्पॉन्सच्या जागी एकच सॅम्पल १ आणि बाकी शून्यं असलेली फाइल द्या. जो रिव्हर्बरेशन टाइम छापून येईल तो फिल्टरचा स्वतःचा. खोलीचा आकडा त्याच्या दीडपटीच्या आत असेल तर पट्टी रुंद करा: १२५ हर्ट्झची पूर्ण ऑक्टेव्ह पट्टी ८८ हर्ट्झची असते आणि तिच्यात साध्या गाळणीनेही ०.१८ सेकंदापर्यंत जाता येतं.